देमाण्णाची कागदखोली

परवा एका बैठकीला गेलो होतो. जुन्या सरकारी कागदपत्रांचं नवं संकेतस्थळ तयार झालं होतं आणि ते आम्हा निवृत्त कारकुनांना दाखवायचं होतं. भिंतभर पडदा लावला होता. त्यावर पिवळ्या पडलेल्या कागदांची देखणी छायाचित्रं एकामागून एक सरकत होती, मागे बासरी वाजत होती. शेवटी मधोमध एक लांबट पांढरी चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं, 'इथे शोधा'. मी विचारलं, "इथे काय लिहायचं?" दाखवणारा तरुण हसला. "काहीही लिहा, सर."

'काहीही' ऐकलं आणि मला एक खिडकी आठवली.

ती खिडकी रामनगरच्या आमच्या कचेरीतल्या कागदखोलीची. गज गंजलेले, एक झडप कायमची उघडी. देमाण्णा गावडे कुठल्याही गोष्टीवर मत देण्याआधी त्या खिडकीशी जायचा, विड्याची पिंक बाहेर टाकायचा, धोतराच्या सोग्याने तोंड पुसायचा आणि मग बोलायचा. खरं मत पिंकेतच आलेलं असायचं. पुढचं बोलणं ज्यांना ते कळलं नाही त्यांच्यासाठी. तो त्या बैठकीत असता, तर बासरी सुरू झाल्याबरोबर खिडकी शोधत उठला असता.

देमाण्णा मूळचा साखळीवाला. धरणाचं पाणी चढण्याआधी गावांची मोजणी झाली, तेव्हा मोजणीदाराच्या पुढे लोखंडी साखळी ओढत तो प्रत्येक वाडीतून, प्रत्येकाच्या परसातून फिरला होता. त्याचं स्वतःचं गाव करमळशेत, तेही त्याने असंच साखळीने मोजून दिलं. साखळीच्या ओझ्याने त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरला होता आणि चालताना पाऊल इतकं सारखं पडायचं की कचेरी ते हॉटेल किती पावलं, हे तो चहा पिता पिता सांगायचा. मोजणी संपली, गावं पाण्याखाली गेली, माणसं वसाहतीत आली आणि त्यांचे कागद एका खोलीत येऊन पडले. देमाण्णालाही त्याच खोलीत टाकलं. हुद्दा अटेंडर. शिक्षण मराठी चौथी. सरकारी कागद कन्नडात, आणि कन्नड वाचायला तो मोजणीदाराच्या वहीत डोकावून शिकला होता.

मी तिथे कारकून म्हणून लागलो तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील नंदिगड्ड्याकडे जंगलाच्या मजुरीवर, आई दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायची. बी. ए. झालो तेव्हा आईने मार्कांचा कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. त्यामुळे शिकलेल्या माणसाने काहीतरी सुधारणा केली पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. पहिल्याच दिवशी मी देमाण्णाला म्हणालो, "देमाण्णा, तुमच्या या गाठोड्यांची यादी कुठे आहे?"

तो खिडकीशी गेला. परत येऊन म्हणाला, "यादी? बीए, हितं गाव हाय. गावाची यादी आसती व्हय?"

त्या दिवसापासून त्याने मला नावाने कधी हाक मारली नाही. मी बीए.

कागदखोलीत फळ्यांच्या उंच मांडण्या होत्या आणि त्यांच्यावर गाठोडी. शंभर वेळा धुतलेल्या, विटलेल्या, वेगवेगळ्या कापडांत बांधलेली. निळ्या चौकड्यांचा पंचा, धोतराचे पांढरे तुकडे, एका जत्रेतलं भगवं निशाण, पिवळ्या काठाचं हिरवं लुगडं. मला तो प्रकार लाजिरवाणा वाटला. कचेरीकडून कापड मिळत नव्हतं आणि छप्पर गळत होतं, म्हणून देमाण्णाने प्रत्येक वाडीकडून एकेक कापड मागून आणलं होतं, एवढंच मला तेव्हा कळलं. मी तीन आठवडे खपून नावांची यादी टंकलिखित केली. नावाच्या अक्षरक्रमाने, दोन प्रती, कडेला लाल रेघ.

यादी पुरी झाली त्याच दिवशी एक म्हातारा आला. थोरल्या आज्याच्या नावचा घराचा कागद पाहिजे म्हणाला. मी उत्साहाने पुढे झालो. आज्याचं नाव बाबू नागू. माझ्या यादीत बाबू नागू अकरा निघाले. मी अकराही गाठोडी उतरवायला लागलो, तेव्हा देमाण्णाने त्या म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला खोलीच्या मधोमध उभं केलं.

"दारात हुबा ऱ्हा."

"कुठल्या दारात?"

"तुज्या घराच्या. तोंड भायेर. हां. आता सांग, उजव्या हाताला कोण?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "सोमा सुताराचं घर."

"डाव्या हाताला?"

"डावीकडं कोण न्हाई. फणस हुता."

"कापा का बरका?"

"बरका. पार आंगणात पडायचा."

"मग तू व्हाळापल्याडचा. चल."

आणि देमाण्णा निघाला. दारापासून निघाला तो गावात शिरल्यासारखा. ती बाजू करमळशेतची. पहिली मांडणी म्हणजे वेशीकडची घरं, मग देवळावाडी, मग उतार उतरून व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळ ओलांडला की कोपऱ्यातली हिरव्या लुगड्याची गाठोडी. म्हातारा त्याच्या मागून चालत होता आणि अर्ध्या वाटेतच त्याने हात उचलून दाखवलं, "ते आमचं. ते पारूचं लुगडं न्हवं?" गाठोड्याच्या आतही कागद तसेच, जाताना उजव्या हाताची घरं, येताना डाव्या हाताची. सोमा सुताराच्या खाली बाबू नागूचा कागद. विडा संपायच्या आत.

म्हातारा गेल्यावर देमाण्णाने माझी यादी हातात घेतली, दोन बोटांनी कागद चाचपला. "कागद झ्याक हाय. जाड हाय," म्हणाला आणि तिची नीट घडी घालून डुगडुगणाऱ्या मांडणीच्या पायाखाली सरकवली. मांडणी डुगडुगायची थांबली. त्या यादीचा पुढे कुणाला झालेला एवढाच उपयोग.

त्याचा तिरस्कार असा हात आखडून नसायचा. तो सगळ्यांना सारखा मिळायचा. शिरस्तेदार कपाटाला कुलूप लावून किल्ली घरी विसरून यायचे, तेव्हा हा म्हणायचा, "साहेबांनी कागद लई सांभाळल्यात. आता वाळवीबी आत शिरायची न्हाई आनी साहेबबी." कुणी तालुक्याहून येऊन नवा फॉर्म दिला, की हा तो उलटसुलट करून विचारायचा, "ह्यात माणसानं कुठं बसायचं?" मला त्याचा राग यायचा. चौथी शिकलेल्या माणसाने एवढं ताठ असावं, हे मला पटत नव्हतं. पण शोधायला आलेला माणूस कधी रिकाम्या हाताने गेला नाही, हेही दिसत होतं. एकदा मी चिडून विचारलं, "तुम्ही गेल्यावर हे कुणाला सापडणार?"

"ज्याचं घर त्याला," तो म्हणाला. "मी कुठं शोधतोय? मी फकस्त पुढं चालतोय."

हे वाक्य मला कळायला सात-आठ वर्षं लागली. मधल्या काळात मी जे केलं, ते आता सांगतो.

नव्वदीच्या मध्यावर वरून पाहुणे येणार असं पत्र आलं. शिरस्तेदार कागदखोलीत आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हे भंगारवाल्याचं दुकान वाटतंय." मी नुकताच धारवाडला सहा आठवड्यांच्या दप्तर-व्यवस्थेच्या शिबिराला जाऊन आलो होतो. मीच पुढे होऊन सांगितलं, सगळ्या गाठोड्यांना एकसारखं नवं लाल कापड घालू, समोर छापील चिठ्ठी, तिच्यावर एक-दोन-तीन असे आकडे. मोठी गाठोडी खाली, लहान वर, म्हणजे रांगा सरळ दिसतील. शिरस्तेदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

देमाण्णाने विरोध केला नाही. खिडकीशी जाऊन आला आणि म्हणाला, "घाला. गावच्या सगळ्या बायकांस्नी एकच लाल लुगडं नेसवा. मग कोण कुणाची बायको, ते पावण्यांस्नी ईचारा."

सगळे हसले. मीही हसलो. दोन दिवसांत खोली पालटली. पाहुणे आले, दारातूनच त्यांनी लाल रांगा पाहिल्या, "व्वा" म्हणाले आणि गणेशगुडीला जेवायला गेले. त्यांनी एकही गाठोडं उघडलं नाही. ज्या खोलीची आम्ही वाट लावली, ती खोली त्यांनी हॉटेलच्या पाटीएवढा वेळ पाहिली.

नंतर लोक आले की खोलीच्या मधोमध उभे राहून डोळे मिटायचे, सवयीने. उघडले की समोर सगळं लाल. "आमचं कुठलं गा, देमाण्णा?" असं विचारायचे. तो माझ्याकडे बोट दाखवायचा. "बीएला ईचार. त्यानं गाव सरळ केलंय."

त्यानंतर वर्षभरात तो निवृत्त झाला. निरोपाला आम्ही त्याला धरणाचा चौकटीत बसवलेला मोठा फोटो दिला. ज्याचं घर त्या पाण्याच्या तळाशी, त्याला त्या पाण्याचा फोटो. निवड शिरस्तेदारांची, पण टाळ्या मीही वाजवल्या. देमाण्णाने फोटो उजेडात धरून पाहिला. "काच चांगली हाय," म्हणाला. "आतलं काढून टाकलं तर देवाच्या तसबिरीला हुईल." आणि कुंभारवाड्याकडे मुलीकडे राहायला गेला. तिकडे दिवसाला एकच बस जायची. तो गेला तेव्हा खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

दोन महिन्यांनी संगणक आला.

त्याच्यासाठी कागदखोलीचा अर्धा भाग रिकामा केला. धूळ येऊ नये म्हणून खिडकीला फळ्या ठोकल्या. हुबळीहून एक प्रोग्रामर आणि नोंदी भरणारे दोघे जण आले. त्यांनी सगळी गाठोडी सोडली आणि कागद सर्व्हे नंबराच्या क्रमाने लावले. ज्या कागदावर सर्व्हे नंबर होता, तो संगणकात गेला. घरांच्या पंचनाम्यांवर नंबर नसायचे. घर कुणाच्या तरी अंगणात, परसात, गोठ्याला लागून असायचं. तिथे पंचांची नावं, चुलींची संख्या, शेजार, झाडं असं लिहिलेलं असायचं. ते सगळे कागद त्यांनी पोत्यांत भरले आणि पोत्यांवर खडूने लिहिलं, 'इतर'. चार पोती व्हरांड्यात ठेवली. संगणकात 'इतर'ला जायची वाट ठेवलेली नव्हती.

उद्घाटनाला वसाहतीतली माणसं बोलावली होती. पडदा उजळला. आधी रंगीत अक्षरांत सुस्वागतम, मग सनईसारखा एक आवाज आणि मग धरणाचं चित्र. चित्रातलं पाणी हळूहळू वर चढायचं, अशी करामत प्रोग्रामरने केली होती. त्याला वाटलं लोक टाळ्या वाजवतील. लोक पाणी चढताना पाहत राहिले. एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. पाणी काठापर्यंत आलं की तीन चौकटी यायच्या: गाव, सर्व्हे नंबर, खातेदाराचं नाव.

पुढच्याच आठवड्यात वरून आदेश आला. वसाहतीत ज्यांना अजून प्लॉट मिळाले नव्हते, त्यांची यादी आता संगणकावरून निघेल. संगणकात नोंद नाही त्याचं नाव कमी. हरकत असेल तर शुक्रवारी साहेब सुनावणी घेतील, त्यानंतर यादी बंद.

सोमवारी पारूअक्का आली. व्हाळापल्याडच्या वाडीतली, हिरवं लुगडं जिचं ती. नवरा लवकर गेला. दिराच्या घराच्या पडवीत ती राहायची, पण चूल वेगळी होती आणि धरणाच्या हिशोबात वेगळी चूल म्हणजे वेगळं घर, वेगळा प्लॉट. दिराला प्लॉट मिळाला. दिराने तेव्हाच सांगून टाकलं होतं की वहिनी आमच्यातच जेवते. हिचं नाव जुन्या हाती यादीत शेवटी कुठेतरी लटकत राहिलं आणि ही दुसऱ्याच्या गोठ्यात. आता ते नावही जाणार होतं.

नोंदी भरणाऱ्याने विचारलं, "सर्व्हे नंबर?"

"त्यो ठाऊक न्हाई."

"नंबराशिवाय कागद सापडत नाही, आजी."

"नंबर कागदावर आसतोय न्हवं? कागद गावला तर नंबर सांगते की."

त्याने नवऱ्याचं नाव घातलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय म्हणतंय?"

"नोंद नाही म्हणतंय. म्हणजे तुम्ही नाही यात."

"मी हितं हाय की रं," पारूअक्का म्हणाली. "तुज्या म्होरं हुबी हाय."

तो माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. पण समोरच्या कागदांत डोकं घातलं. पारूअक्का बाहेर जाऊन पायरीवर बसली. कुंभारवाड्याची बस आली तेव्हा उठली आणि कंडक्टरला म्हणाली, "देमाण्णाला सांग, पारूचं घर गावंना झालंय."

बुधवारी सकाळच्या बसने देमाण्णा उतरला. अंगात स्वच्छ सदरा, डोक्याला पांढरी टोपी. संगणकाच्या दारात उभा राहिला. शिपाई नेमका तेव्हा पडद्याची काच पुसत होता. देमाण्णाने दुरूनच ते कापड ओळखलं. हिरवं, पिवळ्या काठाचं.

"पुसा पुसा," तो म्हणाला. "गावाचा पत्ता घिऊन टीव्ही पुसताय. आता लख्ख दिसंल."

त्याने शिपायाच्या हातातून कापड घेतलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. मग सवयीने खिडकीकडे वळला. तिथे फळ्या. त्याने विडा गालात फिरवला आणि तोंड मिटूनच माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत तो मत न देता माझ्याशी बोलला, ते पहिल्यांदा.

"पारूच्या वाडीचं काय केलास, बीए?"

मी त्याला व्हरांड्यातली पोती दाखवली. त्याने खडूचं अक्षर अक्षर लावून वाचलं. "इतर. म्हंजे कोण?"

"म्हणजे... बाकीचे."

"आसं व्हय. आमी बाकीचे."

तो तिथेच फरशीवर बसला. त्याने वसाहतीत निरोप धाडला आणि व्हाळापल्याडची असतील तेवढी माणसं बोलावली. सात-आठ जण आले, बायका जास्त. त्याने लुगड्याचा तुकडा फरशीवर पसरला. "हा व्हाळ," म्हणाला. पायातली वहाण काढून एका टोकाला ठेवली. "हे देऊळ. आता एकेक कागद वाचतो. ज्याचं त्यानं आपल्या घरात न्हेऊन ठेवायचं."

मग दोन दिवस तो व्हरांडा म्हणजे करमळशेत झाला. देमाण्णा कन्नडचं मराठी करत वाचायचा, "पश्चिमेस बांबूचं बेट, उत्तरेस गणूचा गोठा," आणि कुणीतरी ओरडायचं, "गणूच्या गोठ्याफुडं म्हंजे आमचं! आन हिकडं." भांडणंही झाली. "तुजं कुंपान आमच्यात आलंय," "व्हय, तवाबी आलतं." एका बाईने स्वतःच्या घराचा कागद हातात घेतला आणि तिला वाचता येत नव्हतं तरी तो बराच वेळ धरून बसली. फरशीवर कागदांची गल्ली उमटत गेली. वसाहतीतली इतर गावांची माणसं कठड्याला टेकून बघत होती आणि विचारत होती, "आमचं गाव कवा?" आत संगणक पाणी चढवत होता, उतरवत होता, त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. प्रोग्रामर एकदा बाहेर आला, कागदांवरून उडी मारून गेला आणि शिरस्तेदारांना म्हणाला, "हे कसलं सॉर्टिंग?" शिरस्तेदार म्हणाले, "खेडवळ माणसं आहेत." दोघांचीही कीव यावी असं ते बोलणं होतं. मला तेव्हा फक्त लाज वाटली. निदान या वेळी योग्य माणसांची वाटली.

गुरुवारी दुपारी दिराच्या घराचा कागद आला. पारूअक्काने तो जागेवर ठेवला. त्याच्या मागच्या बाजूची फरशी रिकामीच होती. अजून अर्धं पोतं उरलं होतं. ती त्या रिकाम्या फरशीपाशी हात ठेवून बसली, कुणी तिथे दुसरं घर आणून ठेवू नये म्हणून. सूर्य कलल्यावर देमाण्णाने एक चुरगळलेला कागद काढला, वाचायला सुरुवात केली आणि थांबला. मग सावकाश वाचलं, "पडवीस चूल एक, स्वतंत्र. राहणार पारू, विधवा. पूर्वेस शेवगा."

"शेवगा मी लावलेला," पारूअक्का म्हणाली. खाली तिच्या अंगठ्याचा ठसा होता.

शुक्रवारी साहेब आले. कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बोटाने बाजूला सारला. "हे ठीक आहे, पण संगणकावरची प्रत कुठे आहे? आदेशात तसं आहे. जेवणानंतर आणा, नाहीतर पुढचा." ठसा होता, पंच होते, शेजार होता, झाड होतं. नव्हती ती फक्त परवाच्या यंत्राची साक्ष.

प्रोग्रामर नोंदी भरणाऱ्या दोघांना घेऊन हुबळीला निघून गेला होता. मी संगणकासमोर बसलो. गाव घातलं, पारूअक्काचं नाव घातलं, नंबराची चौकट मोकळी सोडली. यंत्र किंचाळलं. दिराच्या शेताचा नंबर घातला. आधीच नोंद आहे म्हणालं. पुन्हा मोकळी सोडली, पुन्हा किंचाळलं. पारूअक्का दारात उभी होती. देमाण्णा माझ्या खुर्चीमागे.

"काय मागतंय?"

"नंबर मागतंय, देमाण्णा. तिला नंबरच नाही."

"शून्य घाल."

"शून्य नंबरचं घर असतं का?"

"पाण्याखाली कुणाचा नंबर ऱ्हायलाय, बीए? आमचा समद्यांचा त्योच. घाल."

मी शून्य घातलं. यंत्राने चूपचाप घेतलं. प्रत निघाली. गाव करमळशेत, सर्व्हे नंबर शून्य, घर एक. साहेबांनी चष्मा न लावता सही केली. ज्या कागदावर बाईचा ठसा होता तो त्यांना पुरला नव्हता. ज्या कागदावर शून्य होतं, तो पुरला. पारूअक्काला वसाहतीच्या कडेचा एक प्लॉट मिळाला. पुढे तिथे शेवगा उभा राहिलेला मी पाहिला.

त्या दिवशी तीनच्या सुमारास वीज गेली. धरण आमच्या उशाला, आणि वीज आमचीच जायची. पडदा काळा झाला. मी देमाण्णाला म्हणालो, "तुम्ही नसता तर..." लाल कापडाबद्दलही बोलायचं होतं. मी म्हणालो, "माझं चुकलं, देमाण्णा. व्हाळापल्याडची गाठोडी मी पुन्हा या लुगड्यात बांधतो."

त्याने खांद्यावरचं हिरवं कापड काढलं, घडी केली आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "बांध. बाकीच्या वाड्यांस्नीबी माग. द्येतील. पर तू स्वता जाऊन माग, शिपाई धाडू नगंस."

जाता जाता तो संगणकासमोर थांबला. काळ्या काचेत वाकून पाहिलं. टोपी तिरकी झाली होती. त्याने ती दोन्ही हातांनी काढली, पुन्हा घातली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहून सरळ केली.

"आत्ता करमळशेतचं कोण तरी दिसलं ह्यात," म्हणाला.

पायऱ्या उतरून तो बसकडे गेला, तशाच सारख्या पावलांनी, उजवा खांदा उतरलेला. कुंभारवाड्याची बस सुरू होऊन घरघरत होती. पायरीवर एक पाय ठेवला आणि पुन्हा खाली उतरला. कचेरीकडे तोंड केलं. खिडकीला ठोकलेल्या फळ्या तिथून सरळ दिसत होत्या. गेले तीन दिवस आमच्याकडे त्याला पिंक टाकायला जागा नव्हती. कंडक्टर दाराला हात लावून उभा होता आणि म्हणत होता, "सावकाश, मामा. बस कुठं जात न्हाई."

देमाण्णाने विडा गालातून पुढे आणला.